अव्वादचा अंगठा

ऐन लोझा, तफीला
७ ऑक्टोबर २०१८

शुरूक बाळ,

तुझं पत्र अबू राकानच्या मिनीबसमधून पोचलं. तू लिहितेस, ‘खाला, फोनवर आवाज भरून पाठवलास तरी चालेल.’ तुला चालेल, मला नाही चालत. या घरातला फोन म्हणजे दारातला माठ आहे, येईल तो तोंड लावतो. माझा दीर मतर येतो, त्याची पोरं येतात, आणि माझा आवाज बैठकीतल्या सगळ्या गाद्यांवरून फिरून येतो. म्हणून कागद. चौथीत शाळा सुटली त्यानंतर एवढं कधी लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षराला हसू नको. हसलीस तरी मला दिसणार नाही म्हणा.

फेसबुकवर आपल्याकडचे पुरुष कसे लिहितात आणि बायका कशा, हे मोजायला तुला विद्यापीठाने बसवलं आहे. मला विचारलं असतंस तर एका दुपारी सांगितलं असतं.

आमचा गट ‘ऐन लोझाची माणसं’, तू आहेसच त्यात. पुरुष स्वतःचं नाव लावतो, बाप, आजा, कबिला, सगळं. फोटोत गाडीला टेकून उभा. बायका म्हणजे जाई, गुलाब, मावळता सूर्य नाही तर कुणाचं तरी बाळ. शेजारणीला मी पंचवीस वर्षं ओळखते. गटात ती जाईचं फूल आहे आणि नाव उम्म सायेल, सायेलची आई. तिचं स्वतःचं नाव गटातल्या एका पुरुषाला सांगता येणार नाही, आणि येत असलं तरी सांगणार नाही. पुरुष चार शब्द टाकतो आणि निकाल देतो. बाई आधी सगळ्यांना दुवा देते, मग माफी मागते, मग विचारते, मग तीन लाल हृदयं. ती हृदयंसुद्धा फक्त बाईच्या लिहिण्याखाली. पुरुषाच्या खाली टाकलं तर जेवताना नवरा विचारतो, कुणासाठी होतं.

आता मोजण्यासारखं सांगते. उम्म सायेलची तस्नीम, नऊ वर्षांची, शाळेतून येताना दगडखाणवाल्या नव्वाशच्या ट्रकने उडवली. पाय दोन जागी मोडला. त्या रस्त्याला कडेला चालायला वीतभर जागा नाही, आणि आपल्या साठ मुली रोज त्याच रस्त्याने जातात. उम्म सायेलने गटात लिहिलं, की बाबांनो, शाळा भरताना आणि सुटताना तरी ट्रक थांबवा. एकसष्ट जणांनी ‘अल्लाह बरं करो’ लिहिलं. गुलाब पडले, जोडलेले हात पडले. एकाने लिहिलं, ‘बहिणी, असलं घरातल्या पुरुषाने बोलावं.’ एक माणूस उठून आला नाही.

चार दिवसांनी तेच शब्द तुझ्या खालूच्या, माझ्या नवऱ्याच्या, अव्वादच्या नावाने पडले. दुपारच्या नमाजेच्या वेळी चाळीस पुरुष शाळेच्या फाटकापाशी उभे. नगरपालिकेला अर्ज गेला, वर पहिलं नाव अव्वादचं.

तुझा खालू अर्धांगाचा झटका आल्यापासून बोलत नाही आणि उजवा हात गेला, हे तुला माहीत आहे. डाव्या हाताने लिहितो. वेळ लागतो त्याला.

आईला सांग, जैतून उतरवायला सुरुवात झाली आहे, डबा पाठवते.

तुझी खाला
रस्मिया

*

अम्मान, मुलींचं वसतिगृह
१९ ऑक्टोबर २०१८

माझ्या लाडक्या खाला,

तुझे हात सलामत राहोत. पत्र मी तीनदा वाचलं. माफ कर, उत्तराला उशीर झाला, परीक्षा होती. आणखी त्रास देते म्हणूनही माफ कर.

तुझं म्हणणं माझ्या आकड्यांशी जुळतं. गटातल्या दोन वर्षांच्या सहाशे पोस्ट मी वाचल्या. बायका बहुतकरून प्रश्न विचारतात, पुरुष बहुतकरून हुकूम देतात. पुरुष एकमेकांना खोडतात, बायका एकमेकींना सावरतात. आमच्या बाई म्हणाल्या, पुरुषी लिहिण्याचा एक चांगला नमुना घे. मी खालूंच्या पोस्ट घेतल्या. काय ताकद आहे त्यांच्या लिहिण्यात. ‘रस्ता मी बांधला. रोलर मी चालवला. त्यावर मुली मारायला बांधला नव्हता.’ वर्गात वाचून दाखवलं तर बाईंनी पुन्हा वाचायला लावलं.

पण एक गोष्ट मला सुटत नाही, आणि विचारायला संकोच वाटतो. झटक्याच्या आधी खालूंनी चार वर्षांत गटात काय लिहिलं ते मी शोधलं. तेरा वेळा ‘अल्लाह रहम करो’, बाकी सगळीकडे नुसता वर केलेला अंगठा. आता ते लिहितात तर आजारी मुलाचं नाव घेऊन चौकशी करतात. कुणी मदत केली तर एकेकाचं नाव घेऊन आभार मानतात. तस्नीमच्या पायाच्या प्लास्टरवर काय चितारलं आहे हेसुद्धा त्यांना माहीत असतं. माझ्या तक्त्यात या सगळ्या खुणा बायकांच्या रकान्यात येतात.

आजारपणाने माणूस असा हळवा होतो का? वाईट वाटून घेऊ नको. खालूंच्या कपाळाला माझ्याकडून ओठ लाव.

तुझीच
शुरूक

*

ऐन लोझा
२ नोव्हेंबर २०१८

शुरूक,

हे वाचून झालं की शेगडीत घाल. आईलाही दाखवू नको. तुझ्या आईच्या पोटात गोष्ट राहते ती जेवण होईपर्यंत.

मी लिहिते.

आता धक्का बसला असेल तर बसू दे, मला लवकर सांगून संपवायचं आहे. उम्म सायेल माझ्या स्वयंपाकघरात बसून रडत होती. एकसष्ट दुवा मिळाल्या आणि मुलीला रुग्णालयात न्यायला एक गाडी मिळेना. मला राग आला. अव्वादचा फोन उशीशी पडलेला होता. मी तिचेच शब्द लिहिले, फक्त दुवा आणि माफी काढून टाकली. मग तुझ्या खालूच्या कानाशी वाचून दाखवलं आणि विचारलं, पाठवू? त्याने डावा अंगठा उचलला आणि स्वतः दाबला. तेव्हापासून प्रत्येक वेळी असंच. मी लिहिते, वाचून दाखवते, तो दाबतो. त्याला पटलं नाही तर अंगठा मुठीत ठेवतो. दोनदा ठेवला आहे. दोन्ही वेळा मी शिव्या घातल्या होत्या.

दोन वर्षं या माणसाला कुणी विचारत नव्हतं. लोक यायचे, माझ्याशी त्याच्याबद्दल बोलायचे, तो समोर असून. मतर त्याच्या डोक्यावरून मला विचारायचा, ‘याने खाल्लं का?’ शाळेच्या फाटकाच्या दिवशी हाज मिस्काल आला. गावातला सगळ्यात मोठा माणूस, कुणासाठी उठत नाही. त्याने अव्वादच्या खांद्याला ओठ लावले आणि म्हणाला, ‘अल्लाहने तुझी जीभ घेतली आणि बोटांना दिली.’ तुझा खालू रडला. मी तेव्हा खरं सांगायला हवं होतं का? तू असतीस तर सांगितलं असतंस?

आता वाईट ऐक. गेल्या आठवड्यात नव्वाशची आई वारली. गटात सगळे पुरुष लिहीत होते, ‘आमचा भाऊ नव्वाश याच्या आईला अल्लाह जन्नत देवो.’ ट्रकवरून भांडण असलं तरी मयताला भांडण नसतं, म्हणून मीही लिहिलं. आणि माझं डोकं कुठे होतं कोण जाणे. मी लिहिलं, ‘हज्जा फिद्दाच्या रोटीत बडीशेप असायची, ती रोटी पुन्हा मिळायची नाही.’ शुरूक, पन्नास वर्षांत त्या बाईचं नाव कुठल्या पुरुषाने चारचौघांत घेतलं नव्हतं. तिच्या मयताच्या कागदावरसुद्धा ‘नव्वाशची आई’ एवढंच छापलं होतं. अव्वादने दाबलं खरं, त्यालाही तेव्हा सुचलं नाही. तिच्या हातची रोटी त्यानेही खाल्ली होती.

संध्याकाळी मतर आला. बसला नाही. म्हणाला, ‘माझ्या भावाला नव्वाशच्या आईचं नाव कधीपासून माहीत?’ मी म्हटलं, शेजार आहे. तो म्हणाला, ‘शेजार तुम्हा बायकांचा.’ मतर नव्वाशचाच ट्रक चालवतो, हे तुला सांगायचं राहिलं होतं.

तुझ्या तक्त्यातून अव्वादला काढ. आजच काढ.

रस्मिया

*

अम्मान
९ नोव्हेंबर २०१८

प्रिय खाला,

पत्र जाळलं. काढून टाकते सगळं.

थोडे दिवस लिहिणं थांबवशील का? खालूंची तब्येत बरी नाही असं सांग.

एक विचारायचं होतं. मतरच्या बायकोची भाची रवान, ती ऐन लोझाला येत-जात असते का? सहज विचारते.

शुरूक

*

ऐन लोझा
१५ नोव्हेंबर २०१८

शुरूक,

सहज विचारत नव्हतीस.

मतरने फोन माझ्या नाकासमोर धरला. तुमच्या वर्गाची भिंत, भिंतीवर पडद्यावर अव्वादचे शब्द, बडीशेपेच्या रोटीचे. नाव तू खोडलं आहेस, पण त्या रोटीला कुठलं नाव लागतं हे इथल्या शेळ्यांनाही कळतं. खाली तुझं वाक्य. ‘नाव पुरुषाचं, लेखणी बाईची.’ फोटोत तुझा हातही दिसतो, आईची बांगडी घातलेली.

मी स्वयंपाकघरात निघून गेले. थांबले असते तर सगळं तोंडातून बाहेर आलं असतं.

पुढच्या शुक्रवारी, म्हणजे तेवीसला, नव्वाश जाहा घेऊन, मोठ्यांना मध्यस्थ करून येणार आहे. वीस-पंचवीस मोठी माणसं, पुढे हाज मिस्काल. मागणं एकच, अव्वादने ट्रकबद्दलचे शब्द मागे घ्यावेत आणि अर्जावरचं नाव काढावं. मागणं मान्य होईपर्यंत हाज मिस्कालच्या पुढचा कहवा तसाच राहील, हे तुला सांगायला नको. हाज मिस्कालसारख्याचा कहवा थंड झाला तर या घरावर वर्षभर बोट दाखवतील.

आणि मतर वरून म्हणतो, शब्द बाईचे निघाले तर मागे घ्यायलाही नकोत, कारण मग ते शब्दच नव्हते. म्हणजे ट्रकचा विषय संपला, मुलींचाही. अव्वाद पुन्हा तो, ज्याच्या डोक्यावरून लोक बोलतात. आणि फोन मतर घेऊन जाणार, घरातल्या अब्रूसाठी म्हणे.

तो म्हणाला, ‘शुक्रवारी भावाच्या हातात सगळ्यांसमोर फोन देतो. लिहू दे एक ओळ. माणूस खरा तर ओळ खरी.’

अव्वादचा अंगठा एकच बटण ओळखतो. अक्षरं झटक्याबरोबर गेली. रोज सरावाला बसवते, ‘अलिफ’वरून ‘बे’ला जाताना त्याला घाम फुटतो.

तू माझ्याकडे कशाला बघतेस, असं त्याच्या डोळ्यांत असतं. मी बघत नाही मग.

रस्मिया

*

अम्मान
१८ नोव्हेंबर २०१८

खाला,

तुझं दुसरं पत्र यायच्या तीन दिवस आधी मी वर्गात ते सगळं दाखवून बसले होते. माझी हुशारी दाखवायची होती. रवान तिसऱ्या रांगेत होती, तिने फोटो काढला हे मला दिसलं होतं. मग तुझं पत्र आलं आणि तुला सांगायचं धैर्य झालं नाही. ‘काढून टाकते’ असं लिहिलं, जणू भिंतीवरून काढलं की लोकांच्या फोनमधूनही निघतं.

या वेळी मी माफी मागत नाही. माफीची किंमत तूच मला शिकवलीस.

मी हे करते. गटात माझ्या स्वतःच्या नावाने लिहिते, फूल नाही, माझा फोटो. लिहिते की माझा अभ्यास चुकला, मोजणी चुकली, लेखणी खालूंचीच आहे. विद्यापीठातली मुलगी स्वतः म्हणते ‘मी चुकले’, तर पुरुष ते लगेच मानतील. बायकांनी चूक कबूल केली की कुणी पुरावा मागत नाही, हे माझ्या तक्त्यात आहे.

बाई मला नापास करतील. करू देत. बाबा रागावतील, त्यांच्या मुलीचा चेहरा गटातल्या चौदाशे लोकांनी बघितला म्हणून. रागावू देत.

फक्त तू हो म्हण. अबू राकान गुरुवारी परत येतो, त्याच्याजवळ एक शब्द दे. पत्र नको, हो किंवा नाही.

शुरूक

*

ऐन लोझा
२४ नोव्हेंबर २०१८, शनिवार

शुरूक,

गुरुवारी अबू राकानजवळ मी ‘नाही’ दिलं. तू रात्रभर रागावली असशील. पण एक बाई खोटी पडली म्हणून दुसरी बाई वाचणार, हा हिशेब मला नको होता. आणि खोटं बोलणं तुझ्या आईकडून तुला काही आलेलं नाही, पकडली गेली असतीस.

काल जुम्म्याची नमाज झाल्यावर जाहा आली. सव्वीस माणसं. बैठकीत गाद्या पुरल्या नाहीत, उम्म सायेलकडून आणल्या. मी आणि माझी लेक रनीम पडद्यामागे स्वयंपाकघरात. तुझ्या मावसबहिणीचे दात वाजत होते, थंडीने म्हणाली.

मतरने स्वतः कहवा ओतला, घरचा माणूस म्हणून. हाज मिस्कालने पेला घेतला आणि समोर जमिनीवर ठेवला. बाकी कुणी हात लावला नाही. मग गोड बोलणं झालं, रस्त्याबद्दल, शेजाराबद्दल, सैतानाबद्दल. सगळं सैतानाने केलं, ट्रकने काहीच नाही. मग नव्वाश म्हणाला, ‘आम्ही अव्वादला मान देऊन आलो. पण आधी एवढं कळू दे, आम्ही कुणाच्या शब्दांसाठी आलो?’

मतरने अव्वादचा फोन उशीजवळून उचलला, त्याच्या डाव्या हातात दिला. म्हणाला, ‘लिही, भावा. गटात लिही, सगळ्यांच्या फोनवर येऊ दे. मीच लिहिलं, एवढंच.’

त्यानंतर जे झालं ते मी ऐकलं, बघितलं नाही. ऐकायला काही नव्हतं. सव्वीस माणसं आणि एक अंगठा. कुणी खोकलं. कुणी म्हणालं, त्रास देऊ नका त्याला. मतर म्हणाला, ‘वेळ आहे आपल्याकडे.’ मी ओट्याची कड धरली होती. मला वाटलं तो नुसतं बटण दाबेल आणि कोरं जाईल, आणि मग हसतील. ते हसतील ते माझ्या कानांनी ऐकण्यापेक्षा पडदा सारून बाहेर जावं, असं ठरवून मी दोन पावलं टाकली. रनीमने झगा धरला.

आणि सगळ्या बैठकीत फोन वाजले. एकदम, चिमण्यांसारखे.

हाज मिस्कालला चष्म्याशिवाय दिसत नाही. तो म्हणाला, ‘काय लिहिलं? वाचा कुणीतरी.’ कुणी वाचेना. ‘नव्वाश, वाच.’ नव्वाश म्हणाला, ‘माझ्या तोंडाला शोभत नाही, हाज.’ ‘मतर, तू भाऊ आहेस, तू वाच.’ मतर म्हणाला, ‘दुसऱ्या कुणाला सांगा.’ मला वाटलं याने शिवी लिहिली. मी त्या अंगठ्याला ओळखते, शिवीला तो मुठीत जातो, पण काल काय सांगावं.

रनीमने तिचा फोन माझ्यापुढे धरला.

‘रस्मियाला विचारा.’

दोन शब्द. माझं नाव, शुरूक. गैथची आई म्हणून ‘उम्म गैथ’ नाही, ‘घरची मंडळी’ नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात त्याने मला चार माणसांत या नावाने हाक मारलेली नाही, त्याच्या बापानेही त्याच्या आईला मारली नसेल. चौदाशे लोकांच्या पुढे लिहिलं, आणि नवऱ्याने स्वतः लिहिलेलं नाव सव्वीस पुरुषांपैकी एकाला उच्चारता येईना. किती दिवस तो ती अक्षरं गोळा करत होता कोण जाणे. सरावात मी त्याला माझं नाव कधी दिलं नव्हतं. मी त्याला ‘अव्वाद’ शिकवत होते.

शेवटी हाज मिस्कालने कुणाचा तरी फोन स्वतःच्या डोळ्यांशी नेला. बराच वेळ धरला. मग पडद्याकडे तोंड करून म्हणाला, ‘उम्म गैथ, ऐकतेस का?’

मी म्हटलं, ‘तासभर ऐकतेच आहे, हाज. अल्लाह तुम्हाला आयुष्य देवो.’

‘ते शब्द तू लिहिलेस?’

‘लिहिले मी. पाठवले त्याने. एकही शब्द त्याच्या अंगठ्याशिवाय गेला नाही.’

मतर म्हणाला, ‘बघा. बाई निघाली. आता काय उरलं? कहवा प्या आणि उठा.’

हाज मिस्काल म्हणाला, ‘मतर, पेला माझ्यापुढे आहे, तुझ्यापुढे नाही. घरधन्याने सांगितलं विचारा, आपण विचारतो आहोत.’ आणि मला म्हणाला, ‘बोल, मुली. आम्ही मागणं घेऊन आलो आहोत, शब्द मागे घ्या म्हणून. तुझं काय म्हणणं?’

दुवा, माफी, सगळं तोंडाशी आलं, तुझ्या तक्त्यातलं. मी ते गिळलं. म्हटलं, ‘शब्द मागे घेते. नव्वाशचे ट्रक शाळा भरताना आणि सुटताना फाटकाच्या अलीकडे थांबतील. त्याची कामगारांची बस कामगारांना नेण्याआधी मुलींना शाळेत सोडेल आणि आणेल, नगरपालिका काही करेपर्यंत. हे मान्य असेल तर प्या. नसेल तर कहवा थंड झालाय, मी दुसरा करणार नाही.’

कुणीतरी हसलं. वाईट हसणं नव्हतं ते. नव्वाश म्हणाला, ‘हाज, असं पडद्यामागून…’ हाज म्हणाला, ‘तुझ्या आईच्या रोटीची बडीशेप हिने आठवली, नव्वाश. आम्ही सगळ्यांनी खाल्ली आणि एकानेही आठवली नाही.’

नव्वाश ‘बरं’ म्हणाला. मग मी पेला जमिनीवरून उचलल्याचा आवाज ऐकला. गार झालेला कहवा हाज मिस्काल प्यायला.

ते गेल्यावर मी बैठकीत गेले. तुझा खालू भिंतीला टेकून होता, सदरा घामाने पाठीला चिकटलेला, फोन मांडीवर. मी म्हटलं, ‘एवढं लिहिता येतं तर आठ दिवस मला का रडवलंस?’ त्याने अंगठा वर केला. आणखी काय करणार.

मतर आलेला नाही. त्याची बायको जिन्यात भेटली तर मान वळवून गेली. आज सकाळी मशिदीबाहेर दोघे मला बघून हसले. गटात एकाने लिहिलं, ‘आता बैठकीत बायकांना बसवा.’ त्याच्या खाली तेहतीस अंगठे आहेत. हेही मोज. आणि त्याच्या खाली एका जाईच्या फुलाने लिहिलं, ‘बसू.’ एवढंच. हृदय नाही, दुवा नाही.

तुझ्या अभ्यासात आम्हाला परत घाल. पण ‘एक प्रौढ स्त्री’ असलं काही लिहू नको. नाव लिही. आता ते सगळ्यांना ठाऊक आहे, फक्त बोलत नाहीत.

उद्या रविवार, शाळा उघडते. पावणेसातला बस फाटकापाशी यायची आहे. मी आणि उम्म सायेल तिथे उभ्या राहणार आहोत. फोन तुझ्या खालूने स्वतः माझ्या हातात दिला आहे. नाही आली बस, तर तिथूनच लिहीन.

रस्मिया